कागदी भुंगा

तारूदांतच्या लाल तटाला लागून आमची कचेरी.
इथे जमिनीची नावं बदलतात,
जमीन आहे तिथेच असते.
मी इज्जा, तिसऱ्या टेबलाची.
नोंदणीच्या एक पायरी अलीकडे
खतं थांबतात ती माझ्यापाशी.

आमच्याकडे करार लिहितात अदूल, दोघं मिळून,
आणि खाली जी सही करतात
ती अक्षरांची नसतेच मुळी:
वेटोळी, गाठी, फाटे, एखादी शेपटी,
शाईचा नुसता गुंता.
लोक तिला भुंगा म्हणतात.
दर अदूलचा भुंगा निराळा,
आणि प्रत्येकाचा नमुना माझ्या कपाटात
पुठ्ठ्यावर टाचून ठेवलेला.

कागदी घोडे पुष्कळ पाहिले मी.
भुंगे मात्र नाचवता येत नसावेत,
असं वाटायचं.

मार्चमध्ये एकाच जमिनीची दोन खतं आली.
ऑलिव्हची एकशे बारा झाडं, एक विहीर,
पूर्वेला पायवाट,
पश्चिमेला ओढ्याचं कोरडं पात्र.
विकणारा एकच, अब्देलमुला,
आता बेल्जियममध्ये कुठेतरी, फोन बंद.
एक खत जक्कूरचं, लोखंडी सळ्यांचा व्यापारी.
दुसरं तूदाचं,
हमामात बायकांच्या पाठी घासते ती,
तेवीस वर्षं.
दोन्हींवर भुंगा सी मदनीचा.
जोडीचा अदूल हिवाळ्यातच वारला होता,
आणि न्यायाधीशाच्या वहीतलं ते पान
पुरात भिजून शेजारच्या पानाला चिकटलेलं.

भिंग धरलं.
जक्कूरचा भुंगा नमुन्यावर तंतोतंत बसला:
सहा पाय, दोन मिशा, शेपटीचा आकडासुद्धा.
तूदाचा थरथरलेला,
सहावा पाय अर्ध्यात संपलेला.
साहेब म्हणाले, हातच्या कांकणाला आरसा कशाला?
तूदाचं खत परत पाठवून दे.

मी नमुन्याची तारीख वाचली.
सन एकोणीसशे ब्याण्णव.

दुपारी चालत गेले, चर्मकारांच्या गल्लीमागे.
सी मदनीनं दार उघडायला वेळ लावला.
वाटेत चार प्रश्न जुळवले होते,
पण आधी चहा, म्हणाला.
किटली उंच धरली त्यानं, रीतीप्रमाणे,
आणि धार पेला सोडून तबकावर,
तबक सोडून चटईवर,
थोडी माझ्या बाहीवर.
पाच वर्षं झाली, तो म्हणाला,
हात ऐकत नाही.
मग पेल्याकडे बघतच विचारलं,
किती पायांचा आलाय?

पिशवीतून मी काहीच काढलं नव्हतं.

साडेपाच, म्हटलं.
मग माझाच, म्हणाला.
आणि पुदिन्याची एक काडी
बराच वेळ बोटांत फिरवत राहिला.

परत येऊन जक्कूरच्या खतावर शेरा लिहिला:
सही नमुन्याशी पूर्ण जुळते.
पुढच्या ओळीत:
म्हणूनच नोंद रोखावी.
साहेबांनी दोनदा वाचलं, मग चष्मा काढला,
मग सही केली.

जक्कूर बाकावर बसून होता, टोपी गुडघ्यावर.
त्यानंही रोख मोजली होती, खरे दिरहम,
आगादीरच्या कुठल्याशा कॅफेत,
कुठल्याशा माणसाला.
आता ते नाव आठवायचा प्रयत्न करत होता.
त्याला पाणी दिलं. आणखी काय देणार?

तूदा सोमवारी आली, धुतलेला जलाबा घालून.
यंत्रावर अंगठा ठेव, म्हटलं.
ठेवला.
यंत्रानं नाकारला.
डावा ठेवला. तोही.
बोटं पालथी-उलटी करून तिनं दाखवली:
गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखी,
एक रेघ शिल्लक नाही.

साहेब दारातून बघत होते.
मी खुर्ची ओढली तिच्यासाठी,
टेबलावरचा दिवा लावला
आणि म्हटलं, बस,
तुला लहानपणापासून ओळखणारं
गावात कोण कोण आहे, सांग.